पाच किलोवॅटचं बेट

मैत्रिणींनो, महिनाअखेरीस ‘विजेचं बिल एवढं कसं आलं?’ असं विचारणारे घरात पुष्कळ असतात. पण सकाळी सातला गीझर, इस्त्री, मिक्सर आणि पाण्याची मोटर यांचा मेळ कसा घालायचा, हे कुणी विचारत नाही. ते गणित आपलं आपणच तोंडपाठ केलेलं असतं. आज मी तुम्हांला अशा एका बेटावर नेणार आहे, जिथे हे गणित एकट्या गृहिणीच्या डोक्यात न राहता साऱ्या गावाचं झालं आहे.

बेटाचं नाव एग. नाव ऐकून हसू नका, अंड्याशी त्याचा काही संबंध नाही! स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ लहान लहान बेटांचा एक पुंजका आहे, त्यातलं हे एक. लांबी नऊ किलोमीटर, रुंदी पाच. माझे धाकटे दीर ग्लासगोला असतात. गेल्या जूनमध्ये आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझ्या धाकट्या जावेने हा बेत आखला. ग्लासगोहून आगगाडीने मॅलेग नावाच्या बंदरापर्यंत जायचं. वाटेत एकवीस कमानींचा तो पूल लागतो, मुलांच्या जादूगार हॅरीच्या सिनेमातला. आमची मुलं तर खिडकी सोडायला तयार नव्हती. रात्री मॅलेगला मुक्काम करायचा आणि सकाळच्या बोटीने तास-सव्वा तासात एग.

बोट जवळ येते तसा आधी दिसतो तो बेटाच्या माथ्यावरचा काळा कडा. ३९३ मीटर उंच, एखाद्या जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला. त्याला ‘स्गुर’ म्हणतात. खाली हिरवी कुरणं, मेंढ्या, विखुरलेली घरं. धक्क्यावर उतरलं की एक दुकान, चहाची जागा आणि पोस्ट. झाला बाजार! पर्यटकांना आपली गाडी बेटावर आणता येत नाही, त्यामुळे पायी हिंडायचं. आणि हिंडताना काही वेळाने लक्षात येतं की इथे विजेचे खांब जवळजवळ दिसतच नाहीत, डोक्यावर तारांचं जाळं नाही. मग दुकानातला फ्रीज चालतो कशावर?

त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे बेट पिढ्यान्‌पिढ्या कुणा ना कुणा जमीनदाराच्या मालकीचं होतं. घर दुरुस्त करायचं तरी मालकाची मर्जी. तरुण माणसं बेट सोडून चालली होती, वस्ती साठ-पासष्ट माणसांवर आली होती. शेवटी रहिवाशांनी पैसे जमवायला सुरुवात केली. देशोदेशींहून देणग्या आल्या, त्यांतली सर्वांत मोठी नाव न सांगणाऱ्या एका बाईची होती, असं सांगतात. जून १९९७ मध्ये लोकांनी एक विश्वस्त संस्था करून बेटच विकत घेतलं, पंधरा लाख पौंडांना!

पण बेट आपलं झालं म्हणून दिवा लागत नाही. मुख्य भूमीवरची वीज इथवर पोचलेलीच नव्हती. घरोघरी डिझेलचे जनरेटर. बायांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. डिझेलचे कॅन बोटीतून यायचे, ते वाहून न्यायचे. जनरेटर चालू केला की कानाशी सतत घरघर. तो रात्रंदिवस चालवणं परवडायचं नाही, म्हणजे कपडे धुवायचं यंत्र लावायचं ते जनरेटर चालू असेल त्या वेळात, आणि फ्रीजच्या भरवशावर चार दिवसांचं सामान आणायचं तरी जपून. काही घरांजवळ ओढ्यावर छोटी यंत्रं होती, पण ओढा आटला की तीही गप्प. कापडांचा ढीग पाहून ‘आज मशीन लावता येईल का?’ हा विचार रोज करायचा, तोही त्या थंडीपावसात!

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मुंबईसमोरच्या घारापुरीला लेणी पाहायला आपण सगळ्याच जाऊन आलो असू. तिथल्या गावकऱ्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून केबल टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा तेवढाच उजेड. मुंबईचे दिवे समोर लखलखताना! एगवाल्यांनाही केबलचा विचार सुचलाच होता, पण खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. मग त्यांनी पाहिलं, आपल्या घरात काय आहे? गृहिणी डबे उघडून पाहते ना, तसं. पाऊस भरपूर. वारा तर असा की छत्री हाती धरवत नाही. आणि उन्हाळ्यात दिवस एवढा लांब की रात्री दहालाही उजेड असतो.

या तिन्हींची त्यांनी मोट बांधली. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याचं पाणी नळातून खाली आणून चाक फिरवायचं, त्यातलं मोठं केंद्र शंभर किलोवॅटचं आणि बाकी दोन अगदी छोटी. कड्याच्या पायथ्याशी चार पवनचक्क्या, प्रत्येकी सहा किलोवॅटच्या. शिवाय उन्हावर चालणारी तावदानं, ती सुरुवातीला थोडी होती, पुढे वाढवली. हिवाळ्यात ऊन नसतं, पण तेव्हा पाणी आणि वारा जोरात. उन्हाळ्यात ओढे बारीक होतात, तेव्हा ऊन मदतीला येतं. जसं घरात एकीला बरं नसलं की दुसरी पदर खोचते! जास्तीची वीज मोठ्या बॅटऱ्यांत साठवायची, आपण रात्रीच्या नळाचं पाणी पिंपात भरून ठेवतो तशी. आणि जमिनीखालून सुमारे अकरा किलोमीटर केबल. म्हणून खांब दिसले नाहीत! १ फेब्रुवारी २००८ रोजी हे सारं सुरू झालं आणि बेटावर पहिल्यांदाच चोवीस तास वीज आली. नव्वद टक्क्यांहून अधिक वीज पाणी, वारा नि ऊन यांचीच. उरलेल्यासाठी डिझेलचा जनरेटर अजून ठेवला आहे, पण तो अडीनडीला.

आता खरी गंमत ऐका. ही वीज आपलीच आहे, पण मोजकी आहे. एकाने भसाभसा वापरली तर दुसऱ्याच्या घरी अंधार. म्हणून त्यांनी नियम केला: प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅट, दुकान-धंद्याला दहा. श्रीमंत असो की साधा, नियम सर्वांना एकच. घरात छोटं यंत्र असतं, त्यावर या क्षणी किती वीज चालली आहे ते दिसतं. मर्यादा ओलांडली की घरची वीज बंद! मग देखभालीचं काम शिकलेल्या बेटावरच्याच माणसाने येऊन ती सुरू करायची आणि आपण थोडा दंड भरायचा. दंडापेक्षा शेजाऱ्याला बोलावण्याचीच लाज अधिक, नाही का?

तिथली चहाची विजेची किटली तीन किलोवॅटपर्यंत खाते आणि पाणी तापवताना कपड्यांचं यंत्र दोन. म्हणजे दोन्ही एकदम लावली की पाच झालेच. तेव्हा आधी चहा, मग कपडे. घर उबदार ठेवायला बहुतेक जण लाकडं वापरतात. आणि पाऊस-वारा असा लागला की वीज उरू लागली, तर ती वाया घालवत नाहीत. गावच्या सभागृहातले हीटर आपोआप सुरू होतात. उरलेलं सगळ्यांच्या कामी!

माझी जाऊ म्हणाली, “वहिनी, एवढ्या पुढारलेल्या देशात राहून किटली लावताना विचार करायचा? ही प्रगती म्हणायची का?” प्रश्न खोटा नाही. मीही परतीच्या बोटीत बराच वेळ त्यावर विचार करत होते. मला वाटतं, काटकसर दोन तऱ्हांची असते. एक, जी कुणीतरी आपल्यावर लादतो: भारनियमन ज्यांनी सोसलंय त्यांना ती सांगायला नको. वीज कधी जाईल, का जाईल, कुणाची जात नाही, काही कळत नाही. दुसरी, जी आपण बसून ठरवतो आणि सगळ्यांना सारखी लावतो. एगच्या लोकांनी सोसलं ते पहिलं आणि निवडलं ते दुसरं. या वीजकंपनीचे मालक तेच, ग्राहकही तेच. म्हणून पाच किलोवॅट त्यांना कमी वाटत नाही. आणि जिथून तरुण निघून जात होते, तिथे आज शंभराच्या वर माणसं राहताहेत. एकट्या विजेने हे झालं असं मी म्हणणार नाही, पण कपडे धुण्याचा वार जनरेटर ठरवत असेल तर लेकरंबाळं घेऊन कोण तिथे संसार थाटेल?

आपण शहरातल्या बायका, आपल्याला बेट नाही की ओढा नाही. पण एक करून पाहा. विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असं लिहिलेलं असतं, ते आपल्या घराचे किलोवॅट. मग यंत्रांवरचे आकडे वाचा. गीझर साधारण दोन हजार वॅट, इंडक्शनची शेगडी तेवढीच, इस्त्री हजार. झाले पाच हजार, म्हणजे पाच किलोवॅट! मिक्सर पाच-सातशे, आणि एलईडीचा दिवा अवघा नऊ-दहा. दिवा विसरला म्हणून मुलांवर ओरडण्यापेक्षा गीझर वेळेवर बंद होतो ना, हे पाहिलेलं बरं.

आणि हो, हा हिशेब एकटीने करू नका. मुलांना कागद-पेन्सिल देऊन करायला लावा, यजमानांनाही बसवा. शाळेत मी सातवीच्या मुलांना हाच गृहपाठ दिला होता. वही तपासताना दिसलं, कुणी वडिलांच्या हातचा हिशेब लिहून आणला होता, तर कुणी खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘आंघोळीचा गीझर आणि बाबांची इस्त्री यापुढे एका वेळी नाही.’ नियम घरातल्या सगळ्यांनी मिळून केला की तो पाळायला बाईला ओरडावं लागत नाही, एवढं मात्र खरं!