किरकोळ दुरुस्त्यांसह

व्हायवा पार पडल्यानंतरचा काळ मोठा अधांतरी असतो. पेढे वाटून झालेले असतात, सरांच्या पाया पडून झालेलं असतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर फुलांच्या चित्रांचा पूर येऊन ओसरलेला असतो. पण नावाआधी ‘डॉ.’ लावायचं नसतं. त्यासाठी नोटिफिकेशन निघावं लागतं, आणि त्याच्याही आधी परीक्षकांनी सुचवलेलं सगळं करून द्यावं लागतं. ‘किरकोळ दुरुस्त्यांसह पदवीसाठी शिफारस’ या वाक्याचा शेवट सगळ्यांनी टाळ्या वाजवून ऐकला. सुरुवात तेवढी पिशवीत घालून मी नेऱ्याला आले.

आषाढ लागलेला. माथेरानचा डोंगर ढगात गेला की पेब, चंदेरी सगळेच त्याच्याबरोबर जातात आणि गाव अचानक सपाट वाटू लागतं. गाढी नदी तांबडी होऊन धावत होती. आवणी उरकली होती. लाईट दिवसातून अनेकदा जायची, म्हणून पहिल्यांदा सगळ्या दुरुस्त्या कागदावर पेन्सिलीने करायच्या आणि लाईट असेल तेव्हा लॅपटॉपवर चढवायच्या असा क्रम पडला. घाई नव्हती असं नाही, पण भीती गेली होती. इतकी वर्षं प्रत्येक वाक्य लिहिताना कुणीतरी खांद्यावरून वाकून बघतंय असं वाटायचं. ते कुणीतरी बघून गेलं होतं, आणि बरं म्हणून गेलं होतं.

परीक्षकांचं टिपण सुरेख अक्षरातलं होतं. नकाशात उत्तर दिशा दाखवा. गाड्यांच्या चाकांसाठी पनवेल प्रसिद्ध होतं, या विधानाला पृष्ठ क्रमांक द्या. मुलाखतींच्या तारखा द्या. आणि पहिल्याच प्रकरणात, पहिल्याच ओळीला: ‘नेरे’ – कोणते?

मला हसू आलं. इथे जन्मलेल्याला नेरे एकच असतं. पण भोर तालुक्यात एक नेरे आहे, हिंजवडीच्या पलीकडे मुळशीत आणखी एक. प्रबंध आता कपाटात पडून राहत नाही. तो गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने उभारलेल्या शोधगंगेवर चढतो आणि कुणालाही वाचता येतो. उद्या भोरकडची एखादी मुलगी आपल्या गावाचं नाव टाकून शोधेल आणि माझ्या गाढीच्या पुरात येऊन पडेल. तिला पहिल्याच ओळीत परत पाठवायला हवं. मी लिहिलं, ‘नेरे, ता. पनवेल, जि. रायगड’. आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

कारण जिल्हा जागचा हललेला. १ जानेवारी १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. आणि पनवेल तालुका कुलाब्यात आला तोच १८८३ मध्ये. त्याआधी तो ठाणे जिल्ह्याचा. म्हणून जुन्या गॅझेटिअरमध्ये पनवेल शोधायला कुलाब्याचा खंड उघडून उपयोग नाही, १८८२ सालचा ठाण्याचा तेरावा खंड काढावा लागतो. माझ्या एका तक्त्यात १८८१ च्या जनगणनेचे आकडे होते आणि खाली ‘जि. कुलाबा’. परीक्षकांनी तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. ज्या प्रश्नचिन्हामुळे दोन खंड पुन्हा उघडावे लागतात त्याला किरकोळ म्हणायची रीत विद्यापीठांनी पाडली आहे. मला ती सभ्यपणाची वाटते, खरेपणाची नाही.

गाव तेच, नदी तीच, आणि वर्षाप्रमाणे जिल्हा ठाणे, कुलाबा, रायगड. सरसकट ‘शोधा आणि बदला’ करून टाकावं असा विचार सरांना फोनवर बोलून दाखवला. ते म्हणाले, “खुशाल कर. कुलाबा वेधशाळा रायगडला नेऊन ठेवशील.” पुराच्या प्रकरणात २६ जुलै २००५ चा पाऊस होता: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच २४ तासांत कुलाबा वेधशाळेत ७३. एकाच शहराच्या दोन टोकांना इतकं अंतर, हे सांगण्यासाठीच तो तक्ता घातलेला. तिथे ‘रायगड ७३’ छापलं गेलं असतं तर ज्या दिवशी गाढीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं, त्या दिवशी रायगडात साधी सर येऊन गेली असा अर्थ निघाला असता. मग एकेक कुलाबा हाताने तपासला.

आमच्या काकीला हा उद्योग कळेना. “पास झालीस ना गो? मग आता काय लिवतेस?” मी सांगितलं, सगळं लिहून झालंय, कुठे कुठे सुटलंय तेवढं भरतेय. ती म्हणाली, “म्हनजे नांगं भरतेस.” आवणी झाल्यावर काही रोपं कुजतात, काही खेकडे कापतात, खाचरात मोकळ्या जागा दिसू लागतात. उरलेल्या जुड्यांमधली रोपं नेऊन तिथे लावायची, ते नांगे भरणं. परीक्षकांना मी धन्यवाद दिले होते, पण त्यांनी माझ्याकडून काय करून घेतलं ते काकीने सांगितलं.

किरकोळ नसलेली दुरुस्ती कशी असते, याचं उदाहरण मनात सारखं येत होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो नव्याने लिहायला सांगितला; निष्कर्ष तेच ठेवा, मांडणी बदला, असं. हातातले पैसे संपत आले होते. ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले आणि इथे बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला. वकिलीची सुरुवात करायची होती, घर चालवायचं होतं, आणि ग्रंथालयं समुद्रापलीकडे राहिलेली. ऑगस्टमध्ये प्रबंध परत पाठवला, नोव्हेंबरमध्ये मान्य झाला, आणि डिसेंबर १९२३ मध्ये पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशनाने तो पुस्तकरूपाने बाजारात आणलासुद्धा. प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची. तिच्यात त्यांनी लेखकाशी असलेले मतभेद मोकळेपणाने नोंदवले आहेत. आपल्याकडे मार्गदर्शकाची प्रस्तावना म्हणजे आशीर्वादाचा नारळ. मला कॅनन यांची तऱ्हा जास्त आवडते.

त्याहून लांबलेली गोष्ट कोलंबियाची. तिथला प्रबंध १९१६ मधला. पण पदवी हाती पडायची तर छापील प्रती विद्यापीठात जमा करायच्या, असा तिथला नियम होता. पुस्तक निघालं १९२५ मध्ये, आणि पीएच.डी. रीतसर मिळाली ८ जून १९२७ रोजी. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. म्हणजे आमच्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या दप्तरात त्यांची पदवी अजून बाकी होती. हे वाचल्यापासून माझं नोटिफिकेशन कधी निघणार, असं मी कुणाला विचारलेलं नाही. मनात विचारते.

शेवटी उरल्या मुलाखतींच्या तारखा. माझ्या वह्यांमध्ये तारखा होत्या, पण गावाच्या: ‘पिठोरीच्या दुसऱ्या दिवशी’, ‘गौरी गेल्या त्या संध्याकाळी’, ‘राब भाजायच्या आधी’. बैलगाडीनं पनवेलला तांदूळ नेण्याच्या आठवणी एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितल्या, त्या पानावर तर फक्त ‘संकष्टी, म्हणून चहाच’ एवढंच. परीक्षकांना हे चालणार नव्हतं आणि त्यांचं बरोबर होतं. पण काकी जुनी कालनिर्णयं टाकत नाही; गॅसचा सिलिंडर कधी लागला, कुणाचं किती लिटर दूध झालं, सगळं त्यांच्यावरच लिहिलेलं. माळ्यावरून ती खाली काढली. पिठोरी सापडली, गौरी सापडल्या. संकष्ट्या वर्षाला डझनभर. त्यातली आपली कोणती? बाबांच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी नैनावाले, म्हणजे विमानतळाभोवतीच्या नगररचनेचे लोक, नकाशा घेऊन आले होते, बाबा त्यांच्यावर चिडून तुझ्याशी बोलत बसले. नकाशावाले आल्याची नोंद काकीने केली होती, दुधाच्या हिशेबाशेजारी. तारीख मिळाली. तळटीपेत आधार म्हणून काय द्यावं, हा पेच मात्र सुटला नाही. ‘कौटुंबिक नोंद’ असं लिहून मोकळी झाले.

राब भाजायची तारीख कुठल्याच कालनिर्णयात नसते. तिथे मी ‘फाल्गुन-चैत्र’ लिहिलं आणि सोडून दिलं.

पाऊस जरा उघडल्यावर सहा आसनीने पनवेल गाठलं, तिथून हार्बरने सरांकडे. सुचवलेल्या दुरुस्त्या केल्या आहेत, अशा प्रमाणपत्रावर त्यांची सही हवी होती. सरांनी सही करायच्या आधी प्रबंध मधूनच कुठेतरी उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे स्वल्पविराम नको होता.”

“बदलू का?”

“राहू दे. पुस्तक करशील तेव्हा बघू,” म्हणत त्यांनी सही केली, आणि पुस्तकासाठी तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल असं सांगायला सुरुवात केली.