लळिंगच्या लांडोर बंगल्यावर चाळीसगावचा टांगा

३१ जुलै उजाडला की आम्हा देवपूरकरांच्या घरात सहालाच डबे भरले जातात. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून एक जास्तीची सतरंजी. बायका पांढऱ्या साड्या नेसतात, पोरे निळे झेंडे काठीला बांधतात. पांझरेचा पूल ओलांडायचा, गावातून मुंबई-आग्रा रस्त्याला लागायचे आणि लळिंगचा किल्ला दिसेपर्यंत जायचे. किल्ला फारुकी राजांच्या काळातला, इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव आहे. पण आमची माणसे किल्ल्याकडे वळत नाहीत. ती वळतात कुरणातल्या लांडोर बंगल्याकडे.

विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळावर निवडून आले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी येथे भीमस्मृती यात्रा भरते. वंदना होते, भीमगीते होतात, पुस्तकांचे ठेले लागतात. पावसाने हिरवेगार झालेले कुरण, चिखलात रुतलेल्या रिक्षा आणि टेम्पो, झाडाखाली डबे सोडून बसलेली कुटुंबे. वाचकहो, ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा तरी यावे. येताना जुन्या चपला घालाव्यात.

गेल्या वर्षी मात्र आमच्या घरातल्या आठ वर्षांच्या पोरीने सगळ्यांना गप्प केले. बंगल्यासमोर हात जोडून झाल्यावर तिने विचारले, "बाबासाहेब इथे फक्त झोपले होते का?" आधी आम्ही हसलो. मग लक्षात आले की तिला सांगण्यासारखे आमच्यापाशी दोन वाक्यांपलीकडे काही नव्हते. आमच्या धुळे शहरात राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था १९२७ पासून जुने कागद जपून आहे. आमचा इतिहास मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला, आणि एकेक म्हातारे माणूस गेले की त्याच्याबरोबर एकेक पानही गेले.

आमचा भाचा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याने विहारात एका रविवारी मोबाईल काढला, जमिनीकडे धरला, आणि सतरंजीवर एक लाकडी खुर्ची उभी राहिलेली दाखवली. खुर्ची अर्थातच नव्हती. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. कॅमेऱ्याला समोरची जमीन दिसत असते, मोबाईलमधले यंत्र आपला हात किती हलला ते मोजत असते, आणि दोन्हींच्या हिशेबाने तयार केलेले चित्र त्या जागी रोवलेले राहते. आपण भोवती फिरलो की खुर्चीची पाठही दिसते. भाच्याने सांगितले की अमेरिकेतले काळे लोक आपल्या लढ्याचा इतिहास अशा नव्या साधनांनी पोरांना दाखवू लागले आहेत. २०२० साली शिकागोच्या ड्यूसेबल संग्रहालयात २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रदर्शन भरले. तेथे तर डोळ्यांवर पेटी चढवली की प्रेक्षक थेट मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमोर उभा राहत असे.

पोरांना एवढे पुरे होते. बंगल्याच्या दारात बाबासाहेब उभे करू, कोट घालून, हातात पुस्तक घेऊन. १९५५ सालची बीबीसीची मुलाखत आहे, त्यातला आवाज घेऊ आणि संगणकाकडून त्या आवाजात मराठी वाक्ये म्हणवून घेऊ. यात्रेला आलेल्या लोकांना ते म्हणतील, 'माझ्या बांधवांनो, मी इथे उतरलो होतो.' टाळ्याच टाळ्या!

आमची आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाबासाहेबसना तोंडमा आपला शब्द नका टाकू रे पोरेसहोन!"

त्या दिवशी विहारात बराच वाद झाला. पोरांचे म्हणणे, किंग यांचे चालते, मग आमचे का नाही? पण किंग यांचे ते भाषण मुद्रित आहे, शब्दही त्यांचे आणि आवाजही त्यांचाच. लळिंगच्या त्या मुक्कामाचे असे ध्वनिमुद्रण नाही. आज आपण चांगले वाक्य घालू, उद्या दुसरा कोणी त्याच आवाजात भलतेच वाक्य घालील, आणि त्याला अडवायला आपल्याला तोंड उरणार नाही. आम्ही आजीच्या बाजूचे झालो. पोरे फुरंगटली. मग दाखवायचे तरी काय?

तेव्हा विहाराच्या कपाटातला शासनाने छापलेला लेखन आणि भाषणांचा बारावा खंड निघाला. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे, बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी. त्यातली एक आमच्याच खानदेशातली, चाळीसगावची. ती वाचून झाल्यावर पुढच्या रविवारी आम्ही सातजण धुळे-चाळीसगाव गाडीत बसलो. हा फाटा १९०० सालचा. शिरूड, जामदा अशी स्टेशने घेत गाडी कापसाच्या शेतांतून जाते.

१९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने स्टार्ट कमिटी नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. खानदेशातले काम आटोपून मुंबईला जाताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता. ते त्या गावी जाऊन, चौकशी करून परत चाळीसगावला आले. महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र आमच्याकडे राहा म्हणून गळ घातली होती. स्टेशनवर हार घातले गेले. आणि मग जवळपास तासभर काहीच हलेना. समोर भाड्याचे टांगे उभे, महारवाडा दोन मैलांवर, आणि पाहुणे ताटकळलेले. अखेर एक टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला.

कारण नंतर कळले. एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या लोकांना त्यांनी पायी यावे हे सहन होईना. तडजोड अशी निघाली की टांगा मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातलाच एकजण पुढे झाला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता.

चाळीसगाव स्टेशनच्या बाहेर आता रिक्षा उभ्या असतात. आम्ही तेथे उभे राहून तो तास मनात मोजून पाहिला. त्या आठवणीत नदीचे नाव नाही, म्हणून कुठल्याही पुलावर बोट ठेवायचे नाही असे आम्ही ठरवले. स्टेशन मात्र नक्की आहे. शिवाय १९३७ साली धुळ्याला येताना बाबासाहेब याच स्टेशनवर आले आणि शेकडो लोकांनी जयजयकार करीत त्यांचे स्वागत केले. आठ वर्षांपूर्वी जेथे एक टांगेवाला मिळाला नव्हता, तेथेच.

परतीच्या गाडीत दुसरा वाद. आमच्या एका काकांचे म्हणणे, टांगेवाल्यांचा नकार दाखवा, तो अन्याय आहे, जगाने पाहावा. पण टांगा हाकणारा आपला माणूस दाखवू नका. आपल्या हातून बाबासाहेबांचा पाय मोडला, हे चारचौघांत कशाला? आत्याबाईंचे मत नेमके उलटे. बाबासाहेबांनी स्वतःच ते लिहून ठेवले आहे, पाहुण्याच्या जिवापेक्षा त्याचा मान मोठा मानला गेला हेही त्यांनी लपवलेले नाही. मग आपण कोण झाकणार? आम्हाला तर वाटते, कोट-टाय घातलेला बोलका पुतळा बंगल्यात उभा करण्याची आमच्या पोरांची हौस त्या टांग्यासारखीच होती. प्रेम खरे, लगाम हातात नाही.

पोरांनी दोन महिने खपून काम केले. यंदाच्या यात्रेत बंगल्यापासून थोडे दूर, एका कडुनिंबाखाली आम्ही चटई टाकली. पाटी लिहिली, 'चाळीसगाव स्टेशन, १९२९'. गर्दीत नेटवर्क जाते म्हणून सगळे आधीच चार मोबाईलमध्ये भरून आणले होते. पहिला तास फजितीचा गेला. गवत हलत होते, मोबाईलला जमीन सापडेना, आणि टांगा दोन फूट वर तरंगू लागला. एक आजोबा म्हणाले, "हा तर विमानानं आला!" भाच्याने शेवटी गोणपाट अंथरले, मग टांगा टेकला.

दृश्य एवढेच. रिकामा टांगा, घोडा, लांबवर पाठ करून उभे असलेले टांगेवाले, हार हातात धरून थांबलेली माणसे. चेहरे कोणालाच दिलेले नाहीत. बाबासाहेब दिसत नाहीत, मोबाईल धरणारा जेथे उभा असतो ती त्यांची जागा. आत्याबाईंच्या आवाजात प्रसंग सांगितलेला आहे, साध्या घरगुती मराठीत. मग एक माणूस बिचकत बिचकत लगाम उचलतो, आणि तेथे चित्र थांबते.

ओळीत एक म्हातारे गृहस्थ होते. जन्मभर हातगाडी ओढली, असे त्यांच्या सुनेने सांगितले. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला, टांग्याभोवती सावकाश एक फेरा घातला, परत दाखवा म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी टांगेवाल्यांकडे पाहिलेच नाही. लगाम धरणाऱ्यापाशी थांबले.

"याचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारले.

पुस्तकात त्याचे नाव नाही, आम्ही सांगितले.

"रात्रभर झोपला नसेल बिचारा," ते म्हणाले, आणि मोबाईल आमच्या पोरीच्या हातात दिला. पाऊस सुरू झाला होता. पोरीने ओढणीने काच पुसली आणि पुढच्या माणसाला सांगू लागली, "इथे उभे राहा. तुम्हाला तासभर थांबवलंय, असं समजा."