थांब जरा



हरिपाठाचे अभंग २७. तुमच्या घरी ते टाळाच्या ठेक्यावर होत असतील, माझ्या घरी कुकरच्या शिट्ट्यांवर होतात. मधूनमधून "बूट जागेवर ठेव", "दूध उतू चाललंय" ही माझी पदरची ध्रुपदं. बाराव्या अभंगाला सुरू केलेली पोळी तेराव्याला करपते आणि चौदावा मी दोनदा म्हणते. मी एका सहकारी बँकेत रोखपाल आहे आणि सात वर्षांच्या मुलाची आई आहे. दोन्हीकडचा हिशोब रोज जुळतोच असं नाही.

सासूबाई माळकरी. एरवी अर्धं घर त्यांच्याच जिवावर चालतं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला त्या माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघाल्या, की आमच्या घराचा मधला खांब निघाल्यासारखं होतं. ह्यांची नोकरी फिरतीची. मग शाळा सुटली की मुलगा पाळणाघरात, आणि सहा वाजता मी तिथं हजर, असा आमचा वारीपुरता करार असतो.

गेल्या आषाढातली गोष्ट. शाळेच्या दिंडीत मुलाला विठोबा व्हायचं होतं. शाळेचा निरोप मी काउंटरवर नोटा मोजता मोजता वाचला आणि दिवस चुकीचा ध्यानात ठेवला. गुरुवारी पहाटे उठून त्याला माझ्या पिवळ्या ओढणीचा पीतांबर नेसवला, पुठ्ठ्याचा मुकुट केला, चकचकीत कागदाची मकरकुंडलं कानाला बांधली, कपाळी बुक्का लावला. दिंडी शुक्रवारी होती. म्हणजे गुरुवारी सगळा वर्ग गणवेशात, आणि तिसऱ्या बाकावर एकटे पांडुरंग!

हे मला दुपारी कळलं. ओशाळले, हसलेही. संध्याकाळी लवकर जाऊन त्याला जवळ घ्यायचं ठरवलं. पण त्याच दिवशी रोकड ५४० रुपयांनी कमी भरली. रोकड जुळल्याशिवाय रोखपालाला उठता येत नाही. पाळणाघरात फोन केला, "आत्ता येते, त्याला सांगा." पुन्हा नोटा मोजल्या, पुन्हा फोन केला, "निघालेच." निघाले मात्र नव्हते. शेवटी आमच्या जुन्या साहेबांची शिकवण आठवली: फरकाला नऊने भाग जात असेल, तर आधी उलटसुलट लिहिलेला आकडा शोधायचा. ५४० ला नऊने भाग जातो. सापडला! १,१७० चा भरणा मीच १,७१० लिहिला होता.

पाळणाघरी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. बाकीची मुलं गेलेली. दाराबाहेरच्या पायरीवर माझा विठोबा उभा होता. मुकुट एका कानावर आलेला, बुक्का नाकापर्यंत उतरलेला, दोन्ही हात कमरेवर. मी "सॉरी रे राजा" म्हणत वाकले, तर तो गंभीरपणे म्हणाला, "आई, पुंडलिकपण आत्ता येतो असंच म्हणाला होता का?"

आधी हसू आलं. मग घरी येईपर्यंत बोलवलं नाही.

पुंडलिकाची कथा तुम्हाला मी काय सांगणार! आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या त्याने दारी आलेल्या देवापुढे वीट टाकली आणि थांबायला सांगितलं. मीही दिवसभर तेच करते. मुलाला थांब, भाजीवाल्याला थांब, देवालाही थांब, दिवा लावते जरा वेळाने. पण पुंडलिक आत काय करत होता, हे देवाला दिसत होतं. मी पत्र्याच्या पेटीपुढे बसून काय करते, हे पायरीवरच्या पोराला कुठून दिसणार? शिवाय विठोबा युगानुयुगं उभा आहे, तसाच आहे. माझ्या मुलाचे बूट मात्र दर वर्षी लहान होतात.

रात्री वेळापूरच्या मुक्कामावरून सासूबाईंचा फोन आला. मी सगळं सांगितलं आणि रडत म्हटलं, "आई, मी नोकरी सोडू का?" त्या म्हणाल्या, "अगं, वारीत आम्ही चालतो त्याहून थांबतोच जास्त. पाण्याच्या टँकरपाशी थांबा, पालखी येईपर्यंत थांबा. थांबण्याचा त्रास होत नाही, कारण माऊली येणार हे ठाऊक असतं. पोराला थांबव, पण खोटं सांगून थांबवू नकोस." आणि लगेच, "मुकुट नीट ठेवलास ना? उद्या लागेल."

माऊली, इतकी वर्षं मला वाटायचं, माझी चूक उशिराची आहे. ती "आत्ता येते"ची होती. उशीर माझ्या हातात नाही. रोकड, बस, पाऊस, कशाकशावर तो अवलंबून. खरी वेळ सांगणं तेवढं माझ्या हातात आहे. जनाबाईच्या जात्याला पांडुरंगाने हात लावला, असं आपण मानतो. तिनेही एकटीने सगळं दळल्याचा आव आणला नाही, त्याला हाक मारली. मीही आता हाक मारते. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, सात वाजले की तुम्ही त्याला घेऊन या.

शुक्रवारी मुलगा पुन्हा पीतांबर नेसला. वर्गात त्याचं नाव पडलं होतं, "कालचा विठोबा". निघताना मी म्हटलं, "आज साडेसहा. रोकड जुळली नाही, तर काकू येतील." त्याने कमरेवर हात ठेवले. "बरं. मी विटेवर आहे."

सहा पस्तीसला पोचले. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाच मिनिटं. चालतंय."

त्या संध्याकाळी हरिपाठ अकराव्या अभंगावर थांबला. मी मनातल्या मनात विठोबाला खरं तेच सांगितलं: आज एवढाच होईल, देवा, उरलेला उद्या बसमध्ये म्हणते. भाकरी मात्र करपली नाही.

राम कृष्ण हरी.