आष्टीच्या मैदानावरचा हिशेब

आष्टीला निघालो म्हटले की कोणीतरी हमखास विचारतो, "कोणती आष्टी?" १८१८ साली बापू गोखले जिथे पडले ती सोलापूर जिल्ह्यातली, १९४२ च्या उठावात गाजली ती वर्ध्याकडची. माझी आष्टी बीड जिल्ह्यातली. तिच्या नावावर लढाई नाही. २०२२ साली मात्र नगरहून ६६ किलोमीटरची आगगाडी तिथवर आली आणि माझ्यासारख्या आळशी मामाची सबब संपली.

गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर गेलो, तो भाच्याची कबड्डी पाहायला. भाचा चढाईबहाद्दर. पण संघाचे दोन्ही कोपरे आदल्याच संध्याकाळी ऊसतोडीच्या ट्रकात बसून गेलेले. मुकादमाची उचल घेतली की थांबता येत नाही. नवराबायको मिळून एक कोयता, त्यात खेळाची रजा कुठली? कोपऱ्यांवर दोन कोवळी पोरे उभी केली होती.

आम्ही ३१-२७ असे हरलो, आणि वेशीवरच्या हॉटेलात त्या पोरांची हजेरी सुरू झाली. एक निवृत्त गुरुजी शांतपणे वही उघडून बसले होते. सामन्यातली चढाई न् चढाई ते टिपतात.

भाचा म्हणाला, "पकडीचं काय घेऊन बसलात, गुरुजी? चढाईत आपले बावीस, त्यांचे एकोणीस. २०१७ ला पाटण्याच्या परदीप नरवालनं एकट्यानं ३६९ गुण काढले. अंतिम सामन्यात गुजरातची नावाजलेली पकड ५५-३८ अशी फोडली!"

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "आणि २०१९ ला त्यानंच ३०२ काढले, तेव्हा पाटणा बारांत आठवा. ते का सांगत नाहीस?"

भाचा चहात बघू लागला.

पकडीचे त्यांचे आठ, आमचे तीन. लोण त्यांचे दोन, आमचा एक. मी शहाणपणाने बोललो, "म्हणजे पकडीनं पाच गुण घालवले." गुरुजींनी मान हलवली. माझे गणित दुकानदाराचे होते म्हणे. गुण मिळाला की आपला बाद गडी उठतो, पहिला बाद झालेला पहिला. बोनसने मात्र कोणी उठत नाही. चढाईबहाद्दर बाद झाला आणि पुढच्याच चढाईत समोरचा गडी पकडला, तर तो अर्ध्या मिनिटात परत. पकड सुटली तर तो बाहेर बसून राहतो, आणि त्याला उठवणारी दुसरी चढाई संघात असतेच असे नाही. गुरुजींनी वहीत बोट ठेवले: चाळीस मिनिटांपैकी भाचा चौदा मिनिटे बाहेर. दोन्ही लोण त्या चौदा मिनिटांतले.

"तू आत असताना पकड सुटली, तर एक गुण गेला," ते भाच्याला म्हणाले. "तू बाहेर असताना सुटली, तर तूच गेलास."

मला हे एकदम पटले नाही. पकडच सर्व काही, असेही नाही. नरवाल गेल्यावर त्याच पाटण्याने पकडीच्या जोरावर २०२२ चा अंतिम सामना गाठला आणि ३७-३६ असा एका गुणाने घालवला. तिथे एक चढाई कमी पडली. हे मी बोलून दाखवले. गुरुजी हसले, "मग दोघांची गरज आहे, एवढंच मी म्हणतो. पण चढाई एकट्याला घोटता येते. साखळीला रोज तेच हात लागतात. आपले हात सहा महिने फडात."

दोन कोवळी पोरे बाहेरच्या बाकावर बसली होती. त्यांना भजी पाठवली गेली. कोणी पाठवली ते मी पाहिले नाही, पण भाच्याची पुरचुंडी रिकामी होती.

रात्री अंगणात खाटेवर पडलो होतो. भाचा फोनवर होता. पलीकडे मोठ्या कोपऱ्याचा आवाज, मागे कोपी बांधण्याची ठाकठोक.

"दादा, हरलो. न्हाई, पोरांची चूक न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "गुरुजी विचारतात, स्पर्धा पाडव्यानंतर ठेवली तर? कारखान्याचा पट्टा कधी पडतो तुमच्याकडं?"