चाचीची पेढी

अडत दुकान पैशावर चालतं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आमच्या घरात तीन पिढ्या हळदीची अडत आहे आणि आम्ही भावंडं लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आलो, की दुकान चालतं ते पत आहे म्हणून. सांगलीच्या बाजारात शेतकरी लागणीच्या वेळी अडत्याकडून उचल घेतो. पीक निघालं, हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली, की त्याच दुकानी माल लावतो. सौदा होतो, माल खरेदीदाराकडे जातो. खरेदीदाराचे पैसे यायला दिवस लागतात. शेतकऱ्याला मात्र पट्टी हातात पडली की रोकड हवी असते. मधली ही फट अडत्या स्वतःच्या भांडवलातून आणि बँकेच्या कर्जातून भरतो. म्हणजे उद्या सगळे शेतकरी एकाच आठवड्यात दारात उभे राहिले, तर चांगल्यातली चांगली पेढीही आडवी होईल. ते येत नाहीत, कारण त्यांचा विश्वास असतो. असल्या धंद्याला आग लावायला काडी लागत नाही, एक वाक्य पुरतं.

तसं वाक्य आमच्या चाचीच्या वाट्याला दोनदा आलं.

चाचा १९९८ च्या जानेवारीत गेले. पदरात दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. दादांच्या हयातीतच वाटणी झाली होती. पेढी चाचांकडे आणि थोडी जमीन आमच्या अब्बांकडे. अब्बा शाळामास्तर, त्यांना हळकुंड आणि गड्डा यांतला फरक कळायचा तेवढाच. चाचांच्या माघारी शरियतच्या हिशेबानं वाटे पडले. चोविसातले सोळा दोन्ही मुलींचे, चार दादीचे, तीन चाचीचे आणि उरलेला एक अब्बांचा. हे गणित अब्बांनी फळ्यावर मांडावं तसं कागदावर मांडलं आणि खाली लिहिलं, की माझा एक वाटा पेढीतच राहू दे. पण बाजाराला हे गणित मान्य नव्हतं. बाजाराच्या हिशेबात मुलगा नाही म्हणजे पेढी बेवारस. गाळा मोक्याचा होता, लायसन जुनं होतं. आमच्याच नात्यातल्या एका माणसाची त्या गाळ्यावर नजर होती आणि शेजारच्या एका व्यापाऱ्याचीही. दोघांची नावं लिहिण्यात आता काही अर्थ नाही. एक तर अल्लाला प्यारे झाले आहेत.

हळदीचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. चाचीची इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे अख्खा हंगाम इद्दतीत. चाची मिरजेच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. दहावीपर्यंत शिकलेली आणि बापाच्या दुकानात रोजमेळ लिहिलेली. तिनं ठरवलं की घराबाहेर पडायचं नाही आणि पेढीही बंद ठेवायची नाही. रोज संध्याकाळी आमचे दिवाणजी घरी येत. बावीस वर्षं पेढीवर असलेले, कपाळाला भस्म लावणारे लिंगायत गृहस्थ. ते ओसरीवर बसत, मध्ये पडदा असे, पडद्याच्या आत चाची आणि तिच्या शेजारी तस्बीह घेऊन दादी. दिवाणजी मोठ्यानं रोजमेळ वाचत. कुणाचा माल लागला, काय दर निघाला, हमाली किती, तोलाई किती, कुणाला उचल द्यायची राहिली. चाची आतून विचारायची, "कवठ्याच्या पाटलांची पट्टी झाली का?" किंवा "हा आकडा पुन्हा वाचा." आम्ही पोरं पडद्याच्या दोन्ही बाजूंना खेळत असायचो. त्या हंगामात एकाही शेतकऱ्याची पट्टी थकली नाही.

इद्दत संपली आणि चाची पेढीवर जाऊन बसली. डोक्यावर पदर, समोर उतरती मेज, मेजावर खतावणी. पूर्वीच्या काळी सौदे रुमालाखाली होत, दोघांचे हात झाकून बोटांच्या खुणांनी दर ठरे. जनावरांच्या बाजारात ही हत्त्याची रीत अजून दिसते. ती रीत आमच्याकडे चालू असती तर चाचीला त्या बाजारात पाऊलच ठेवता आलं नसतं. उघड्या लिलावात मात्र बोली सगळ्यांच्या कानांवर पडते आणि तिचा कान तिखट होता. दुसऱ्या हंगामात तिच्या दुकानी आधीपेक्षा जास्त माल लागला. बोलणं सुरू झालं ते त्याच हंगामात.

आधी विनोद म्हणून आलं. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "बाईची पत पतीबरोबर जाते म्हणतात, हिची कशी राहिली?" मग उत्तरही त्यानंच दिलं, की दिवाणजी आहेत ना. मग ते संध्याकाळचे रोजमेळ आठवले. विधवेच्या घरी परका मर्द, तोही रोज, तोही अंधार पडताना. पडद्याचं कुणी बोलेना, दादीचं कुणी बोलेना. चार महिने ज्या गोष्टीत कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं, ती वर्षानं वावगी झाली. कारण मधल्या काळात पेढी वाढली होती.

मोहल्ल्यातले तीन बुजुर्ग अब्बांकडे आले. भली माणसं होती, हे सांगितलं पाहिजे. त्यांना आमच्या घराची इज्जतच प्यारी होती. म्हणाले, "मास्तर, आम्ही काही म्हणत नाही. लोक बोलतात. तुम्ही पेढी तुमच्या ताब्यात घ्या, भाभीला घरात बसवा, तिला काही कमी पडू देऊ नका." अब्बा काही बोलायच्या आत आतून दादीचा आवाज आला, "देखे सो कौन हय? उसकू लाव."

कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

अब्बांनी मग शांतपणे त्यांना चोविसाव्या सूरेची, सूरे नूरची आठवण दिली. पाकदामन बाईवर तोहमत घेणाऱ्यानं चार साक्षीदार आणावेत. आणता आले नाहीत तर ऐंशी फटके, आणि त्या माणसाची साक्ष पुढं कधीच मानायची नाही. ते बुजुर्ग ही आयत आमच्यापेक्षा चांगली जाणत होते. हजरत आयेशांवर मदिन्यात बालंट आलं, महिनाभर ते शहरात फिरत राहिलं आणि अखेर वहीनं त्यांची पाकी जाहीर झाली, हा प्रसंग त्यांनी कितीदा बयानात ऐकला असेल. त्याच आयतींमध्ये एक सवाल आहे. हे कानांवर पडताच ईमानवाल्यांनी आपल्याच माणसांबद्दल भला विचार का केला नाही? आम्हांला तो सवाल फार मोठा वाटतो. खोटं रचणारा एखादाच असतो. बाकीचे सगळे नुसते ऐकणारे असतात आणि सवाल त्यांना विचारलेला आहे. व्यापारी बाई ही तर आपल्याकडे नवलाईची गोष्ट नाहीच. हजरत खदीजांचा माल मक्क्याहून शामला जायचा आणि तो घेऊन जायला त्यांनी ज्या अमानतदार तरुणाला नेमलं, ते आमचे पैगंबर होते. खदीजांचं नाव आपण मुलींना आवडीनं ठेवतो. त्यांचा हिशेबाचा कागद मात्र मुलींच्या हाती देताना आपला हात अडखळतो.

बुजुर्ग उठून गेले. त्यांतल्या एकानं पुढं जुम्म्याच्या नमाजेनंतर मशिदीच्या पायरीवर चार माणसांना खडसावल्याचंही आमच्या कानांवर आलं.

पण बोललेलं परत जात नाही. महिन्याभरात दिवाणजींनी काम सोडलं. चाचीनं पुष्कळ विनवलं. ते म्हणाले, "वहिनी, माझ्या घरीही सुना आहेत. मी इथं बसलो तर तुमचं नाव रोज थोडं थोडं झिजणार." बावीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब त्यांनी स्वतःच्याच अक्षरात लिहिला, बाकी शून्य काढली आणि किल्ल्या मेजावर ठेवल्या. चाचीला त्या दिवशी रडताना आम्ही पाहिलं. चाचांच्या मय्यतीनंतर एवढी ती कधी रडली नव्हती. मोठ्या मुलीचं एक स्थळ त्याच सुमारास न सांगता मागं फिरलं.

मग आम्हां पोरांची पाळी लागली. शाळा सुटली की कुणीतरी एकानं पेढीवर जाऊन बसायचं. चाची एकटी दिसता कामा नये एवढाच हेतू होता. दप्तर घेऊन आम्ही तिथं बसायचो आणि राखण करता करता धंदा शिकलो. मूठभर हळकुंडं हातात घेऊन वाजवायची, मोडून आतला रंग बघायचा, पट्टी कशी करायची, हे सगळं तिथलंच. सगळ्यांत चांगलं शिकली ती चाचीची धाकटी मुलगी. ज्यांनी हे बोलणं उठवलं त्यांना एक दिवाणजी घालवायचे होते. त्यांनी पेढीला पाच दिली.

दुसरं वाक्य २००५ च्या पुरात आलं. हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकून असाल. जमिनीखालचे ते हंडे, त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आत श्वासाला हवा नसते. म्हणून तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दिवा सोडून बघायचा आणि दिवा टिकला तरच माणूस उतरवायचा. त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळांचं नुकसान झालं. पाणी ओसरायच्या आत गावोगाव बातमी गेली, की 'बाईचा सगळा माल कुजला, पेढी बुडाली, ती पैसे घेऊन माहेरी गेली.' आता आम्हांला उमगलं की पहिलं बोलणं कशासाठी होतं. आधी बाईचं नाव हलकं करून ठेवायचं, म्हणजे पुढं तिच्या पेढीबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटतं. हिची चाल अशी, तर हिचा व्यवहार कसा असेल!

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरभरून शेतकरी दारात आले. चाची पेढीतच होती. चिखल काढायचं काम चालू होतं. तिनं भाव लिहायचा फळा बाहेर रस्त्याच्या कडेला टेकवला आणि धाकटीला लिहायला बसवलं. कुणाची किती पोती पेवात होती, किती भिजली, किती पावसाळ्याआधीच गोदामात हलवली होती आणि कुणाचं किती देणं आहे. एकेक नाव, एकेक आकडा, सगळ्यांसमोर. भिजलेला मालही लपवला नाही. म्हणाली, "ज्याला आज पैसे हवेत त्यानं आज न्यावेत. दागिने मोडून देईन, पण देईन." पहिल्या आठ-दहा जणांनी घेतले. दागिने खरंच मोडले. मग कवठ्याचे म्हातारे पाटील पुढं आले, फळ्यावरचं आपलं नाव वाचलं आणि म्हणाले, "माझं राहू दे. चहा सांगा." त्यांच्या मागची रांग हळूहळू पांगली.

आज पेढी धाकटी बघते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता दूरचे खरेदीदार तिला फोन करतात. २०१९ च्या पुरात तीच बातमी या वेळी मोबाईलवर फिरली. तिनं तासाभरात गोदामाचे फोटो आणि नावनिशीवार यादी सगळ्या शेतकऱ्यांना पाठवली. पद्धत आईचीच.

बदनामीविरुद्ध कायदा तेव्हाही होता, आजही आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्याचं कलम बदललं. चाची कोर्टात गेली नाही. कुणावर जाणार? तोहमतीला पावती नसते, तिच्यावर कुणाची सही नसते. 'लोक बोलतात' एवढंच तिचं खातं. चाचीची माफी कुणी मागितली नाही. ज्यांनी ऐकून पुढं सांगितलं, त्यांना आपण काही केलं असं वाटतही नसेल. दर रमजान ईदला दिवाणजींच्या घरी आमच्याकडून शीरखुर्मा जातो. दिवाणजी आता नाहीत, त्यांच्या सूनबाई डबा घेतात आणि रिकामा कधी परत देत नाहीत. चाची तेवढं मात्र विसरत नाही. बाकी विचारलं तर म्हणते, "जिने बोल्या उने जाने. पन जिने सुन्या, उने एक बार पूछना था." आम्हांला वाटतं, आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी एखादी चाची दुकान उघडून बसली आहे, आणि तिच्याबद्दलचं एखादं वाक्य याच आठवड्यात आपल्याही कानांवर येईल. तेव्हा विचारायचं एवढंच आहे, की पाहिलं कुणी?