जाकिटाच्या आतला परकर

म्युनिकमध्ये शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मला कळलं, की उद्या सकाळी बर्फात घसरायला जायचंय. २०२४ चा जानेवारी होता, कंपनीच्या प्रशिक्षणासाठी आलो होतो. बरोबरच्या मंडळींनी गार्मिश-पार्टेनकिर्शेनचा बेत केला आणि मलाही त्यात ओढलं. स्की आणि बूट तिथं भाड्यानं मिळतात, कपड्यांचं तुझं तू बघ, एवढं सांगून सगळे पांगले. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. बव्हेरियात शनिवारी आठला कुलूप लागतं. म्हणजे हातात दोन तास.

माझी तयारी म्हणजे दोन सुती बनियन, एक स्वेटर, पुण्यात घेतलेलं जाडजूड जाकीट आणि आईनं बॅगेत कोंबलेली माकडटोपी.

मारिएनप्लाट्झच्या बाजूच्या गल्लीत शूस्टर म्हणून १९१३ सालचं क्रीडासाहित्याचं दुकान आहे. मजल्यावर मजले. एका जाकिटाची चिठ्ठी उलटून पाहिली, चारशे युरो. युरो तेव्हा नव्वदच्या घरात होता, म्हणजे छत्तीस हजार. त्याच आठवड्यात भावानं फोनवर सोयाबीनचा भाव साडेचार हजार सांगितला होता. आठ क्विंटल सोयाबीन अंगावर घालून बर्फात लोळायचं!

विकणारा पोरगा मात्र भला होता. त्यानं माझ्या स्वेटरची कड चिमटीत धरली आणि आत काय घातलंय, असं विचारलं. सुती बनियन म्हटल्यावर मान हलवली. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. थांबलास की तोच घाम तुला गारठवणार. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं अंगालगत बसणारं, त्यावर ऊब धरणारं, सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं पातळ, असे तीन थर घाल म्हणाला. मला आजोबा आठवले. पावसात घोंगड्याची खोळ करून ते रानात जायचे. भिजलेलं घोंगडं पोत्यासारखं जड व्हायचं, पण आत ऊब असायची. सोलापुरी चादर पांघरून पावसात गेलेलं मी कुणाला पाहिलं नाही. म्हणजे हे आमच्या घरात माहीत होतं, फक्त मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

जाकिटाच्या आतल्या पट्टीवर १०,००० छापलं होतं. मी ती किंमत समजून हादरलो. ती पाण्याच्या उंचीची मोजणी निघाली: कापडावर दहा हजार मिलिमीटर, म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही. बर्फात बूड टेकलं की अंगाच्या भारानं पाणी कापडात दाबलं जातं, म्हणून ही मोजणी.

लोकरीचा एक आतला सदरा तेवढा तिथून घेतला आणि बाकीच्यासाठी त्यानंच सांगितलेल्या जुन्या कपड्यांच्या दुकानाकडं पळालो. सात वाजून गेले होते.

दार उघडताच वास आला. दुसऱ्याच्या कपाटाचा वास. तो मला ओळखीचा होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आमचं गाव सास्तूर पडलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. तेच अंगावर आलं. आमच्या घरातली दोन माणसं गेली. त्याविषयी इथं नको. मग पाऊस लागला, आणि पावसात कपड्यांचे ट्रक येऊ लागले. कुठकुठचे कपडे! नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पुढ्यात फ्रॉक आणि कोट. त्या ढिगातून माझ्या वाट्याला एक निळं जाकीट आलं, गुडघ्यापर्यंत. पाणी त्यावरून ओघळून जायचं. चेनला एक लोखंडी कडी होती आणि आत, कमरेपाशी, सगळीकडून इलॅस्टिक लावलेली झालर.

"आत परकर शिवलाय की रं ह्येला!" आजी म्हणाली. पत्र्याच्या शेडमध्ये त्या दिवसांत माणसं हसली ती तेव्हा. पुढं आईनं तो परकर कापून काढला. कडीत शेडच्या कुलपाची किल्ली आली.

म्युनिकच्या त्या दुकानातल्या बाई सत्तरीच्या असाव्यात. मी एका हिरव्या जाकिटाची चेन उघडली, तर आत तोच परकर. बराच वेळ तसाच उभा राहिलो असेन, कारण बाई स्वतःहून जवळ आल्या. "श्नेफांग," म्हणाल्या. श्ने म्हणजे बर्फ, फांग म्हणजे पकडणं. पडल्यावर बर्फ खालून पाठीत शिरू नये म्हणून. कमरेला घट्ट बांधून दाखवलं. कडीचं विचारलं तर म्हणाल्या, पूर्वी वर नेणाऱ्या पाळण्याचं तिकीट तिथं अडकवायचे.

पस्तीस युरोला जाकीट आणि विजार मिळाली. विजार दोन वेळा दुमडावी लागली. हातमोजे लहान होते, तरी घेतले.

दुसऱ्या दिवशी गार्मिशला हाऊसबर्ग डोंगराच्या शिकाऊ उतारावर मी किती वेळा पडलो ते मोजलं नाही. चार-पाच वर्षांची पोरं बाजूनं सरसर जात होती. हातमोज्यांत बर्फ गेला, विजारीत गेला, माकडटोपीत गेला. पाठ मात्र कोरडी राहिली.

रात्री आईला फोन केला. त्या निळ्या जाकिटाचा परकर कशासाठी होता, ते सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"असंल बाबा," ती म्हणाली. "इलॅस्टिक मात्र चांगलं निघालं हां. तुझ्या दोन चड्ड्यांना पुरलं."