होकार देण्यापूर्वी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. घर विकून पाहण्याविषयी ते काही बोलले नाहीत, कारण त्या काळी घर विकणे ही झाकून ठेवण्याची गोष्ट होती. आता मुले पुण्याला, नांदेडला स्थिरावतात आणि पालमसारख्या गावातील माळवदाच्या घराला कुलूप लागते. मग एके दिवशी कुणी विचारतो, "घर द्यायचे आहे का?" कुटुंबाची परीक्षा तेथून सुरू होते.

पालममधील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर हा प्रसंग आला. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले होते. मागे आई, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. आईने आम्हांस निरोप धाडला, "फादर, तीन गिऱ्हाईकं आलीत. पोरं एक म्हणतेत, मला दुसरंच वाटतं. तुम्ही येऊन बसा."

आम्ही गेलो. मुलगी तेथे नव्हती. आम्ही म्हटले, प्रथम तिला बोलवा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार अशा घरात ख्रिस्ती विधवेचा वाटा एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत सारखे. मुलगा-मुलगी हा भेद तेथे नाही. लग्न झाल्याने लेकीचा हक्क सरत नाही. तिच्या सहीवाचून दिलेला होकार अपुरा ठरला असता.

ती नांदेडहून आल्यावर आम्ही एका कागदावर चार रकाने आखले: रक्कम किती, केव्हा मिळणार, पैसा कोठून येणार, अटी कोणत्या. पहिल्या गिऱ्हाइकाची बोली १७ लाखांची. परंतु इसार अवघा ५१ हजार व तोही रोख, बाकी अकरा महिन्यांनी, आणि खरेदीखतात निम्मीच रक्कम लिहायची. दुसऱ्याची साडेपंधरा लाख, बँकेचे कर्ज काढून दोन महिन्यांत. तिसरा शेजारी, १४ लाख, पंधरा दिवसांत.

मुलांचे डोळे पहिल्या रकान्यावर खिळले होते. आम्ही त्यांना पुढचे रकाने वाचावयास सांगितले. खरेदीखतात किंमत कमी लिहिली तरी सरकारी मूल्यांकन आणि लिहिलेली किंमत यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागते. शिवाय २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. म्हणजे १७ लाखांतील जोखीम सगळी विकणाऱ्याच्या माथी.

धाकटा म्हणाला, "परभणीची एक पार्टी अठरा देते असं सांगू, म्हणजे हे तिघे वर येतील." अशी पार्टी कोठेच नव्हती, आणि नसलेले गिऱ्हाईक उभे करणे हे असत्यच. भाव वाढविण्याचा सरळ मार्गही आहे. स्कॉटलंडात एका घराला अनेक ग्राहक आले की विक्रेत्याचा वकील एक मुदत नेमतो, आणि त्या मुदतीपर्यंत प्रत्येकाने आपली शेवटची बोली लेखी द्यावयाची असते. आम्ही तेच सुचविले. तिघांना एकच दिवस सांगितला. मधल्या खोलीच्या तुळईला टेकू दिलेला आहे, हेही तिघांना सांगितले. साध्या पाहणीत न दिसणारा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो.

ठरल्या दिवशी पहिला आलाच नाही. शेजारी १४ लाखांवर राहिला. दुसरा बँकेचे मंजुरीपत्र घेऊन आला व १६ लाखांवर चढला. त्याला होकार गेला. १ लाखाचा इसार धनादेशाने घेतला. साठेखतावर चौघांच्याही सह्या झाल्या. पैसे किती दिवसांत द्यावयाचे, कर्ज अडले तर काय, कोणी माघार घेतली तर काय, हे सर्व त्यात लिहिले. अब्राहामाने मकपेलाच्या शेतासाठी एफ्रोनला ४०० शेकेल चांदी सर्वांसमक्ष तोलून दिली होती. चारचौघांतला व्यवहार बरा, हे शहाणपण तेवढे जुने आहे.

पाचव्या दिवशी चौथे गिऱ्हाईक दारात उभे राहिले. साडेसतरा लाख, सगळे बँकेतून, ताबडतोब! थोरला म्हणाला, "इसार परत करू, वर दहा हजार देऊ." आम्ही कायदा सांगितला: साठेखताने मालकी जात नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते, तरीही ठरलेला करार पुरा करून द्या, असे ग्राहक न्यायालयात मागू शकतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर ती मागणी नाकारणे न्यायालयाला पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. आईला मात्र कायद्याची गरज पडली नाही. ती म्हणाली, "त्या माणसाला मी हो म्हणलंय. त्यानं कर्ज काढलंय. आता दुसऱ्याला कसं हो म्हणू?"

दीड लाख रुपये ही त्या घराला लहान रक्कम नव्हती. थोरल्याने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सही केली, पण त्याच्या मनातून ती खंत गेली असे आम्ही म्हणणार नाही. पैसे मात्र ठरल्या दिवशी आले आणि बहिणीचा वाटा तिच्याच खात्यात गेला. भावंडांचे येणेजाणे आजही आहे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: शंका, हिशेब, घासाघीस, भावाबहिणींचे रुसवेफुगवे हे सारे होकारापूर्वी उरकून घ्यावे. एकदा होकार दिला की मग फक्त तारीख सांभाळावी.